एका फाइलीत एकच वाक्य

बाईंनी बटण दाबलं आणि फोनच्या पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं. बाई माझ्याकडे पाहत होत्या, मी फोनकडे पाहत होते आणि बाईंचे यजमान आमच्या ऑफिसच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे. चक्र फिरतच राहिलं. शेवटी एकदाचा फोन बोलला, "खाली बसा रे सगळे."

बाईंनी टेबलावरचा कागद ओढला आणि त्यावर लिहिलं, "तोवर पोट्टे शाळेच्या बाहेर गेले असते."

खोटं नव्हतं. मी मान डोलावली.

मी अमरावतीत एका छोट्या कंपनीत अँड्रॉइड ॲप्स बनवते. माहेर अकोल्याचं. मधली काही वर्षं पुण्यात नोकरी केली आणि मग परत आले. आमची कंपनी म्हणजे हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी माणसं, मालक गावंडे सर आणि एक कुरकुरणारा इन्व्हर्टर. कापसातली सरकी काढणारे जिनिंगवाले, कृषी केंद्रवाले यांना बिलाची ॲप्स करून द्यायची, हा आमचा रोजचा धंदा. बोलणारं ॲप आम्ही त्याआधी कधी केलं नव्हतं.

वानखडे बाई नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. तिसरीचा वर्ग. त्यांच्या स्वरयंत्राचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. डॉक्टरांनी कुजबुजायलाही मनाई केली. रजा संपत आली होती आणि बाईंना वर्गावरच परत जायचं होतं. तालुक्यातल्या शाळांची देखरेख ज्यांच्याकडे असते ते गटशिक्षणाधिकारी साहेब म्हणत होते, की आवाजाशिवाय तिसरीची पोरं सांभाळणार कशी? त्यापेक्षा पंचायत समितीत टेबलाचं काम घ्या. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी बाईंना एक संधी दिली होती. आधी वर्ग घेऊन बघा, मी एक दिवस येऊन पाहतो, मग ठरवू.

'टेबलाचं काम' हे शब्द बाई कागदावर लिहितानासुद्धा तोंड वाकडं करायच्या.

ॲपची कल्पना साधी होती. वर्गात शिक्षक दिवसभर बरीचशी तीच तीच वाक्यं बोलतात. ती आधीच फोनमध्ये भरून ठेवायची, प्रत्येकाला एक बटण द्यायचं, बटण दाबलं की फोननं ते वाक्य मोठ्यानं म्हणायचं. बाईंच्या कमरेला एक छोटा स्पीकर लावला होता, त्यातून आवाज येणार. टाइप करूनही फोनला बोलतं करता येतं. पण मागच्या बाकावर मारामारी चालू असताना टाइप करत कोण बसेल?

वाक्यं टाइप करण्याचं काम वानखडे काकांनी, म्हणजे बाईंच्या यजमानांनी अंगावर घेतलं. काका एका सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. मी त्यांना म्हटलं होतं, बाई बोलतात तसंच लिहा, पुस्तकी नको. त्यांनी तसंच केलं. फोनमधला तयार आवाज बातम्या देणाऱ्या बाईसारखा होता आणि त्या आवाजात "काहून रे भांडून राहिले?" ऐकताना आमचं अख्खं ऑफिस हसायचं. पण काकांनी वाक्यं पाठवली ती कशी? एका फाइलीत एकच वाक्य. शेकडो फायली. त्यांचे वेगवेगळे फोल्डर: गणित, गोष्टी, जेवण, शाब्बासकी, शिस्त, हजेरी. प्रत्येक फाइलीला व्यवस्थित नाव.

मी फोन लावला. "काका, सगळं एकाच फाइलीत चाललं असतं ना."

"नाई चालत, बेटा. एका पत्रात एकच विषय घ्या लागते. दोन विषय घेतले का कागद अडकला समज. मंग थो कोनत्या टेबलावर जाईन, ब्रह्मदेवालेबी सांगता येत नाई."

"पण हे पत्र कुठंय काका?"

"तुयासाठी नसन. आमची जिंदगी त्याच्यात गेली."

सरकारी ऑफिसात आयुष्य काढलेल्या माणसाशी या विषयावर वाद घालण्यात अर्थ नसतो, हे मला माझ्या वडिलांमुळे ठाऊक होतं. वेळही कमी होता. मी तो फोल्डर जसाच्या तसा ॲपमध्ये ठेवून दिला. ॲपच्या आत ॲसेट्स नावाचं एक कपाट असतं. चित्रं, मजकूर, काय हवं ते त्यात कोंबता येतं. ॲप सुरू झालं की कपाटातल्या फायली एकेक करून वाचायच्या आणि मग बटणं दाखवायची, असा प्रोग्राम मी लिहिला. माझ्या फोनवर तो पटकन चालला. बाईंच्या फोनवर ते चक्र फिरायला लागलं.

आमचा पहिला संशय आवाजावर गेला. लिहिलेलं वाचून दाखवणारं एक इंजिन फोनमध्ये असतं, त्याला जागं व्हायला थोडा वेळ लागतो. दोन दिवस मी त्याच्याच मागे लागले होते. मग प्रोग्राममध्ये जागोजागी वेळ नोंदवण्याची सोय केली आणि तपासलं. आवाजाचं इंजिन बिचारं कधीच तयार होऊन बसलेलं असायचं. खोळंबा मजकुरापाशी होता.

आणि गंमत म्हणजे वाचायलाही वेळ लागत नव्हता. वाक्यं ती केवढी! वेळ लागत होता फाइल उघडायला. फोनला प्रत्येक फाइल आधी शोधावी लागते, मग उघडायची, वाचायची, बंद करायची आणि पुढची शोधायची. सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणायला बाजारात एक फेरी, मिरच्यांसाठी दुसरी, लिंबांसाठी तिसरी, असं केलं तर स्वयंपाक कधी होणार? भाजी घ्यायला क्षणभर लागतो, जाण्यायेण्यात दिवस जातो.

त्यात बाईंचा फोन जुना, मेमरी थोडी. उरलेल्या जागेत नातेवाइकांनी पाठवलेले सुप्रभातचे फोटो. असा फोन मागे ठेवलेली ॲप्स परस्पर बंद करून टाकतो. म्हणजे मध्ये एक कॉल आला, की आमचं ॲप गेलंच. पुन्हा उघडा, पुन्हा सगळ्या फेऱ्या, पुन्हा चक्र. सकाळी एकदाच थांबायचं असतं तर बाईंनी सहनही केलं असतं.

मी गावंडे सरांकडे गेले. सर बोलायला फटकळ, पण ऐकून घेतात.

"नवा फोन घ्या म्हना नं त्यांले," ते म्हणाले.

"सर, तिसरीच्या वर्गात नवा फोन किती दिवस टिकेल? आणि प्रश्न फोनचा नाही. मजकूर एकेक करून वाचतोय, तो एकदम वाचायला हवा."

"म्हंजे काय करशीन?"

"सगळ्या फायली जोडून एकच मोठी फाइल करते. ॲप ती एकदाच उघडेल, एकदाच वाचेल आणि सगळी वाक्यं फोनच्या मेमरीत ठेवेल. मग बटण दाबलं की शोधाशोध नाही."

"मंग कर नं. मले काय इचारतं? पन जिनिंगवाल्याचं काम अडकलं नाई पाह्यजे."

एवढं बोलून सरांनी टेबलाचा खालचा ड्रॉवर उघडला आणि त्यांचे स्वतःचे जुने, खरचटलेले फोन माझ्यापुढे ठेवले. "यायच्यावर चालवून पाह्य. इथं चाललं तं कुठंबी चालन." त्या जुन्या फोनांनी मला फार मदत केली. पुण्यात मला असे फोन हवे असते तर तीन मेल लिहून परवानगी काढावी लागली असती.

काकांची पद्धत बदलायची नाही, हे मी ठरवलं होतं. त्यांना नवी वाक्यं सुचतच होती आणि ती त्यांच्या रीतीनं येतच होती. म्हणून मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. ॲप तयार करण्याच्या कामाला आम्ही बिल्ड म्हणतो. बिल्ड होताना हा प्रोग्राम काकांच्या सगळ्या फायली एकाखाली एक जोडायचा. पहिलं बटण म्हणजे पहिली ओळ, दुसरं बटण म्हणजे दुसरी ओळ. चक्र गायब झालं. सरांच्या सगळ्यात मरतुकड्या फोनवरसुद्धा ॲप झटक्यात उघडलं. मी खुशीत नवं ॲप बाईंच्या फोनवर टाकून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंचा मेसेज आला, "शाळेत ये." पुढे काहीच नाही.

स्कूटी काढून मी गेले. जेवणाची सुट्टी संपली होती. बाई वर्गाच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी मला आत घेतलं आणि वर्गाकडे बोट दाखवून 'पाह्य आता' अशी खूण केली. मग 'जेवायला चला' हे बटण दाबलं. बातम्यांच्या आवाजात फोन म्हणाला, "कोल्हा म्हणाला, मी तर चाललो आपल्या घरी."

पोरांनी एकच गलका केला. त्यांना सकाळपासून या खेळाची सवय झाली होती. मागच्या बाकावरच्या दोघांनी मुद्दाम एकमेकांच्या गचांडीला हात घातला. बाईंनी 'भांडू नका' दाबलं. फोन म्हणाला, "शाब्बास! असंच करत जा."

बाईंचे खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. मला वाटलं, त्या रडताहेत. मग लक्षात आलं, की बाई हसताहेत. आवाज नसलेला माणूस पोट धरून हसतो तेव्हा असा दिसतो, हे मला ठाऊक नव्हतं. हसून झाल्यावर त्यांनी फळ्यावरच खडूनं लिहिलं, "मजा आली. पन सायेब सोमवारी येऊन राहिले. त्यायच्यासमोर असं झालं तं मी गेली टेबलावर."

लगेच ते पुसूनही टाकलं. वर्गानं वाचायच्या आत.

तिथंच वर्गातल्या एका रिकाम्या बाकावर बसून मी लॅपटॉप उघडला. चूक सापडायला वेळ लागला नाही. काकांच्या हिशेबानं एक गोष्ट म्हणजे एक विषय, म्हणून प्रत्येक अख्खी गोष्ट एका फाइलीत होती. आणि गोष्टीला ओळी बऱ्याच असतात. माझा प्रोग्राम एक ओळ म्हणजे एक वाक्य समजत होता. त्यामुळे गोष्टी आल्या की पुढचं सगळं घसरलं. गोष्टींच्या आधी गणिताचा फोल्डर होता, तो ठीक चालला, आणि त्या सकाळी बाईंनी हजेरी नुसती बोटानं मोजून घेतली होती, म्हणून पहिल्या तासाला त्यांना काही कळलंच नाही. त्यानंतर मात्र जेवणाच्या बटणावर कोल्हा आला आणि शिस्तीच्या बटणावर शाब्बासकी.

एकदम वाचण्यात हाच धोका असतो. वेगवेगळ्या फायली असताना घोळ झाला तर एका वाक्याचा होतो. एकत्र केल्यावर एक जागा चुकली की मागची सगळी रांग चुकते. यावर उपाय म्हणजे जागेवर भरवसा ठेवायचा नाही. प्रत्येक वाक्याला स्वतःचं नाव द्यायचं आणि बटणानं नावानंच वाक्य मागायचं. मग मध्ये कितीही ओळी येवोत.

पण शेकडो वाक्यांना नावं द्यायची कोणी? एकाचं नाव दुसऱ्याला द्यायचं नाही, प्रत्येक नावावरून वाक्य ओळखू आलं पाहिजे, आणि हे सगळं सोमवारच्या आत. मी डोक्याला हात लावून बसले आणि तेवढ्यात समोरच्या फोल्डरकडे नीट पाहिलं. नावं तिथंच होती. 'शिस्त-भांडू-नका.' 'जेवण-हात-धुवा.' 'हजेरी-गैरहजर-कोण.' काकांनी प्रत्येक फाइलीला दिलेलं नाव. मी पटकन तपासून पाहिलं, एकही नाव दोनदा आलेलं नव्हतं.

मी काकांना फोन करून विचारलं, की हे कसं जमवलं?

"जमवाचं काय त्याच्यात? जावक नंबर एक डाव देल्ला का देल्ला. थोच नंबर दुसऱ्या कागदावर टाकला का नोटीस येते घरी." मग त्यांनीच विचारलं, "काहून? काई चुकलं काय माह्यं?"

"नाही काका. तुम्ही माझं काम करून ठेवलंय."

ज्या सवयीमुळे ॲप रखडलं होतं, त्याच सवयीनं मला तारलं. मी हे तेव्हा त्यांना फोनवर धड सांगू शकले नाही, इथं सांगते. काका, तुमचे खरंच आभार. जोडणाऱ्या प्रोग्राममध्ये बदल करायला फार काही लागलं नाही. आता तो प्रत्येक फाइलीचं नाव आणि तिच्यातला मजकूर अशा जोड्या करून मोठ्या फाइलीत ठेवायचा. शनिवारी मी आणि बाईंनी रिकाम्या वर्गात बसून प्रत्येक बटण दाबून पाहिलं. काका बाकावर बसून एकेका वाक्यावर 'बरोबर' म्हणत होते. कोल्हा आपल्या गोष्टीत परत गेला होता.

सोमवारी मी सुट्टी टाकून शाळेत गेले. काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून माझ्या आधी हजर. साहेब आले, काकांचा 'जय भीम' हात जोडून घेतला आणि वर्गात मागे जाऊन एका बाकावर बसले. आम्ही व्हरांड्यात खिडकीशी.

हजेरी झाली. बाईंनी फळ्यावर वजाबाकी मांडली. त्या लिहायच्या, फोन विचारायचा, पोरं उत्तर द्यायची. हातचा घेताना एक मुलगा अडखळला. बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि फोन म्हणाला, "घाई नको करू. परत पाह्य." सगळं सुरळीत चाललं होतं आणि तेवढ्यात बाईंच्या फोनची रिंग वाजली.

काकांनी माझा हात धरला. ते ॲपच्या आतलं काही जाणत नव्हते, पण कॉल आला की ॲप जातं एवढं आता आमच्यात सगळ्यांना पाठ होतं. बाईंनी कॉल कापला. नेमकं त्याच वेळी मागच्या बाकावरच्या त्या दोघांचं पेन्सिलीवरून जुंपलं. आणि यावेळी मुद्दाम नाही, खरंखुरं. साहेबांच्या अगदी शेजारी. बाईंनी ॲप पुन्हा उघडलं आणि बटण दाबलं.

"काहून रे भांडून राहिले? उभे राहा दोघंबी."

दोघं उभे राहिले. बाकी वर्ग वजाबाकीच करत होता, कोणी मान वर केली नाही. माझे डोळे भरून आले, ते मी लपवलंही नाही. पुण्यात मी लाखो लोकांच्या फोनमध्ये गेलेल्या ॲपवर काम केलं आहे. त्यातल्या एकालाही मी ते वापरताना पाहिलं नव्हतं. इथं माझं काम माझ्यासमोर, एका खिडकीच्या अंतरावर, कुणाच्या तरी उपयोगी पडत होतं. हे मला पाहायला मिळालं, याबद्दल मी बाईंची जन्मभर आभारी राहीन.

तास संपला तसे साहेब उठले. पुढच्या बाकावरच्या एका मुलीला त्यांनी विचारलं, "काय वं, तुमच्या मॅडमचा आवाज बदलला. आता कसं वाटते?"

मुलीनं विचार केला. "तसंच वाटते सर. पयलेबी एवढ्याच रागवे."

वर्ग हसला, साहेबही हसले. बाईंनी तिला खोटं खोटं डोळे वटारून दाखवले.

साहेब व्हरांड्यात आले. मुख्याध्यापक मागे. बाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या. फोन त्यांनी दोन्ही हातांत घट्ट धरला होता आणि कुठलंही बटण दाबत नव्हत्या. साहेबांनी चष्मा पुसला.

"यायले ऑफिसात नेऊन मी काय करू?" ते मुख्याध्यापकांना म्हणाले. "आमच्या तिथं आवाज असनाऱ्यायचंबी कोनी ऐकत नाई. इथं तं पोट्टे ऐकून राहिले. राहू द्या त्यायले वर्गावर."

"साहेब, थे लेखी भेटलं तं बरं होईन," काका म्हणाले. साहेबांनी तेही मान्य केलं.

बाईंनी मला जवळ घेतलं, घट्ट, बराच वेळ. फोन दोघींच्या मध्ये अडकला होता आणि कुठलं तरी बटण दाबलं जाऊन तो म्हणाला, "रांगेत या रे." आम्ही तशाच उभ्या राहिलो.

ती पोरं यंदा चौथीत गेली. बाईंनी मागितलं नव्हतं, तरी चौथीचा वर्ग त्यांनाच मिळाला. पालक मुख्याध्यापकांना जाऊन भेटून आले होते, असं नंतर कळलं.

या धंद्यात नव्यानं येणाऱ्यांना सांगण्यासारखं यातून एवढंच. शंभर लहान फायली एकेक करून उघडू नका. जोडा, एकदाच वाचा आणि प्रत्येक तुकड्यासोबत त्याचं नाव ठेवा. आणि त्या फायली पाठवणाऱ्या माणसाला सुधारायला जाऊ नका. बिल्डमध्ये एक पायरी वाढवायला मला एक दुपार लागली. वानखडे काकांना बदलायला जन्म गेला असता, आणि बाईंची रजा तेवढी शिल्लक नव्हती.